बर्फाचे दोनशे छप्पन्न ठिपके

उम्मन्नाकला नोव्हेंबरात सूर्य जातो
तो फेब्रुवारीतच पुन्हा तोंड दाखवतो.
मधल्या काळात माझी बहीण नावाराना
ठोकळ्यांच्या खेळात राहायला जाते.
तिथला सूर्य दर वीस मिनिटांनी उगवतो,
चौकोनी का होईना.

यंदा तिला जगाची कातडी बदलायची होती.
पहिला पॅक रात्रभर उतरत राहिला,
चौऱ्याण्णव टक्क्यांवर वाऱ्यानं नेट तोडलं.
दुसरा उतरला.
"झिप उकलू नकोस," मी म्हणालो,
"जशीच्या तशी फोल्डरात टाक."
तिनं उकलली. काहीच दिसेना.
मग जशीच्या तशी टाकली.
माझं ती ऐकतेच, फक्त एक चूक उशिरानं.

डावीकडचा पॅक उजवीकडे सरकवायचा,
जो वर बसेल त्याचं राज्य.
लाल अक्षरं ओरडली : हा जुन्या आवृत्तीचा आहे!
"आईचा अनोरॅकसुद्धा जुन्याच आवृत्तीचा आहे,"
असं म्हणून तिनं 'हो' दाबलं.

किल्ल्यांचा पॅक : दगडादगडावर शेवाळ,
गवत असं की मेंढीही बुजावी.
खऱ्यासारख्याचा पॅक : पाणी इतकं चकचकीत
की शाळेचा लॅपटॉप धापा टाकू लागला,
एक पाऊल टाकलं की जग थिजायचं.
मिठाईचा पॅक : गुलाबी खाणी, कोळसा म्हणजे मनुका.
चौथ्यात निम्मी चित्रंच नव्हती,
दाराच्या जागी जांभळे-काळे चौकडे.

आणि प्रत्येकात तोच बर्फ.
कागदासारखा.
साबणाच्या फेसासारखा.
दातांच्या डॉक्टरच्या भिंतीसारखा.
"यांच्यापैकी कुणी कधी घराबाहेर पडलंय का?"
तिनं विचारलं, मला नाही, पडद्याला.

मग तिनं पॅकच्या पोटात हात घातला.
एक इवलंसं चित्र निघालं,
सोळा आडवे, सोळा उभे,
दोनशे छप्पन्न ठिपके.
एवढ्यात सगळं बसवायचं.

तीन दिवस.
आई मासळीच्या कारखान्यातून यायची,
बोटांना हॅलिबटचा वास,
तिच्या खांद्यावरून बघायची,
"इथं जरा निळं," म्हणायची, झोपायला जायची.
निळं दिलं. राखाडी दिलं, धुराड्याच्या बाजूचं.
एक ठिपका गुलाबी,
भरदुपारी डोंगरामागे अर्धा तास
जो उजेड कुजबुजून जातो, त्याचा.
आणि खाली, उजव्या कोपऱ्यात, एक पिवळा.

"हा काय?"
"कुत्री."

पट्टी भरली, जग उघडलं,
आणि मी हसून हसून खुर्चीवरून घसरलो.
एक ठोकळा रंगवला की सगळे ठोकळे रंगतात,
हे तिच्या ध्यानातच नव्हतं.
डोंगरावर, छपरांवर, थेट क्षितिजापर्यंत
पावलापावलावर, रांगेत, शिस्तीत,
एकेक पिवळा ठिपका,
जणू जगातली झाडून सगळी कुत्री
फूटपट्टी घेऊन फिरून गेली होती.

ती हसली नाही.
पुसायचं रबर उचललं, ठेवून दिलं.
झिप पुन्हा बांधली आणि पाठवली पानिन्ग्वाकला,
जी ऑगस्टात आईबरोबर ऑल्बॉर्गला गेली,
जिथं जानेवारीत पाऊस पडतो
आणि कुत्री सोफ्यावर झोपतात, म्हणे.

तासाभरानं तिकडून एक ओळ आली :
"कुत्री कुठं बांधलीयस?"

तेव्हापासून दोघी तिथंच आहेत,
हाडं टाकून लांडगे माणसाळवताहेत.
बाहेरच्या कुत्र्यांना मासा घालायची
आज खरं तर तिची पाळी होती.
मी घालून आलो.
टॉर्चच्या उजेडात उकिडवा बसलो,
आयुष्यात पहिल्यांदा बर्फाचे ठिपके बघत.
निळा होता. राखाडी होता.
गुलाबी सापडला नाही, रात्र होती.
पिवळा मात्र अगदी बरोबर.
खाली, उजव्या कोपऱ्यात.